अकराव्या वाफ्यातल्या कुंड्या

नव्वद सालानंतरची काही वर्षं माझे हात पिवळे होते. संध्याकाळच्या एसटीत दांडीला धरून उभी राहिले की शेजारच्या बाया आधी माझे हात पाहायच्या, मग गळ्यातलं मंगळसूत्र पाहायच्या आणि मग विचारायच्या, "कुनाची हळद हुती वो?"

पहिले काही महिने मी खरं सांगून पाहिलं. हळद कोणाची नव्हती, आम्ही कॉलेजात उसाच्या चिपाडाच्या कुंड्या बनवतो आणि त्यात हळद घालावी लागते, असं. त्यावर देवळाली प्रवरा येईपर्यंत प्रश्न संपायचे नाहीत. मग मी "नणंदेची" म्हणायला लागले. मला नणंद नाही. पण त्या उत्तरानं बायांचं समाधान व्हायचं आणि कधी कधी बसायला जागाही मिळायची.

त्या कुंड्या पुढे बाजारात कधी आल्या नाहीत, त्यामुळे त्या कोणी पाहिल्या असण्याचं कारण नाही. म्हणून आधी त्या काय होत्या ते सांगते.

आमच्या भागात दर पावसाळ्यात झाडं लावायची मोहीम निघायची. रोपं काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत यायची. खड्ड्याशी पिशवी फाडायची, रोप लावायचं आणि पिशवी वाऱ्यावर सोडायची. महिन्याभरानं झाड वाळलेलं आणि पिशवी मात्र बोरीच्या काट्यात फडफडत असलेली, असं कुठल्याही बांधावर दिसायचं. आमच्या सरांच्या मनात आलं की रोपासाठी असं भांडं करावं, जे रोपासकट खड्ड्यात जाईल आणि तिथेच त्याची माती होईल. साखर कारखान्यातून चिपाड हवं तेवढं मिळत होतं. ते कॉस्टिक सोड्यात शिजवायचं, धुवायचं, वाळवायचं, दळायचं, मक्याच्या स्टार्चच्या खळीत मळायचं, जरा ग्लिसरीन घालायचं आणि गरम साच्यात दाबायचं. निघायची ती चहाच्या पेल्यापेक्षा थोडी मोठी, तपकिरी रंगाची कुंडी.

साचा नगरच्या एका फॅब्रिकेटर चाचांनी ट्रकच्या जॅकवर बसवून दिला होता. दुरुस्तीला आले की ते दर वेळी विचारायचे, "सर, एवढा दाब देऊन बनतंय काय?"

"कुंडी."

"चहा पिता येतो का हिच्यात?"

"छे, चहा ओतला तर मऊ पडेल."

"मग एवढा दाब कशाला?" असं म्हणून चाचा मान हलवत नट आवळायचे.

सर म्हणजे आमचे प्रकल्पप्रमुख. किडकिडीत अंगयष्टी, बारा महिने एकच तपकिरी सफारी, आणि डोक्यात विचार यायची जागा म्हणजे एसटी. विचार आला की ते तिकिटाच्या मागे लिहायचे आणि तिकीट खिशात ठेवून सफारी धुवायला द्यायचे. म्हणून मी नियम केला होता की आल्या आल्या तिकिटं माझ्या टेबलावर ठेवायची. मी ती वहीत चिकटवायची, शेजारी तारीख घालायची आणि त्या विचारासाठी काय काय सामान लागेल ते लिहायची. मी प्रकल्प सहायक होते. प्रकल्प म्हणजे सर आणि सहायक म्हणजे बाकी सगळं.

कुंडीची खरी अडचण होती बुरशी. स्टार्च म्हणजे बुरशीचं पक्वान्न. ओल्या मातीनं भरलेल्या कुंडीला आठ दिवसांत हिरवी-काळी दाढी फुटायची, ती रोपाच्या बुंध्याला लागायची आणि रोप आडवं व्हायचं. म्हणजे कुंडीत बुरशीला अटकाव करणारं काहीतरी घालायला हवं होतं. पण कायमचा अटकाव केला तर ती जमिनीत कुजणार कशी? कुजवायचं काम बुरशी आणि जंतूच तर करतात. सर हे आल्यागेल्याला एका वाक्यात समजावायचे. "सहा आठवडे बुरशीला 'घरात कोणी नाही' म्हणून सांगायचं, आणि त्यानंतर 'या, बसा, जेवूनच जा' म्हणायचं. एवढंच करायचंय आपल्याला."

एवढंच करण्यात दीड वर्ष गेलं. निंबोळीच्या पेंडीचा अर्क, हळद, दोन्ही एकत्र, कमी-जास्त प्रमाणात. तेविसाव्या मिश्रणाला यश आलं. तपासणीसाठी आम्ही एक लाकडी पेटी केली होती. आत ओलं पोतं, त्यावर कुंड्या, आणि बुरशीला आमंत्रण म्हणून तीन दिवसांच्या शिळ्या भाकरीचे तुकडे. भाकरी माझ्या घरून यायची.

"तुज्या सरांना ताजी न्हाई चालत का?" सासूबाई डबा भरताना विचारायच्या.

"आत्या, बुरशी यावी म्हणून नेते."

"आमी जल्मभर बुरशी येऊ नये म्हनून धडपडलो. पगार कुनी दिला न्हाई."

तेविसाव्या मिश्रणाच्या कुंड्या त्या पेटीत सहा आठवडे राहिल्या. भाकरीवर जंगल माजलं, कुंड्या स्वच्छ. सरांनी त्या दिवशी सगळ्या विभागाला भेळ दिली.

आता उरली मातीची परीक्षा. आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या समितीनं दोनच अटी घातल्या होत्या. ओलीत सहा आठवडे बुरशी धरू नये, आणि जमिनीत पुरल्यावर तीन महिन्यांत कुंडी विरून जावी. समिती दिवाळीच्या आधी येणार होती. दोन्ही जमलं तर तिसरं वर्ष मंजूर. नाही जमलं तर प्रकल्प बंद आणि मी शेवगावला.

शेवगावचं असं होतं. माझे यजमान तिथे नोकरीला होते. खोली भाड्याची, जेवण खाणावळीचं, शनिवारी घरी. त्यांनी माझ्यासाठी तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची जागा बघून ठेवली होती. शाळा दिवाळीपर्यंत थांबायला तयार होती. जबरदस्ती अजिबात नव्हती. ते फक्त शनिवारी जेवायला बसताना पट्टा सैल करण्याऐवजी घट्ट करायचे आणि म्हणायचे, "हे चौथं भोक. चांभारानं आता फुकट पाडून दिलं, कायमचं गिऱ्हाईक म्हणून."

सासूबाई उघड उघड शेवगावच्या बाजूनं होत्या. "सगळ्यांनी एका चुलीवर जेवावं. तिकडं बी माती हाय, तिकडं पुर तुज्या कुंड्या."

मला मात्र ते काम सोडायचं नव्हतं. बी. एस्सी. होऊन दहा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात सगळ्यांनी मला "झालं का?" एवढंच विचारलं होतं. स्वयंपाक झाला का, दळण झालं का, पेपर तपासून झाले का. "असं का झालं असेल?" हे मला विचारणारी पहिली जागा ती होती. हे घरी कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही. दिवाळीची वाट पाहत राहिले.

आषाढात आम्ही कॉलेजच्या रोपवाटिकेतल्या अकराव्या वाफ्यात चोवीस कुंड्या पुरल्या. प्रत्येकीवर क्रमांकाची पाटी. दर पंधरा दिवसांनी चार उकरायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, वजन करायचं. रोपवाटिका सांभाळायला एक माळी होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. पिकल्या मिशा, बोलणं कमी, काम घड्याळासारखं.

पहिल्या चार काढल्या. जशाच्या तशा. पंधरा दिवसांत काय होणार, असं म्हणून आम्ही हसलो. दुसऱ्या चार काढल्या. कडा जराशा मऊ. तिसऱ्या चार. तशाच. चौथ्या वेळी मामांनी एक कुंडी नखानं टिचकी मारून वाजवली.

"म्याडम, ही तर आपल्यापरीस जास्त टिकंल."

पाचव्या वेळी सरांनी एक कुंडी खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी दाबून पाहिली. मोडली, पण कुरकुरून, पापडासारखी. "बाई," ते म्हणाले, "आपण प्लास्टिकच बनवलं हो. फक्त पिवळं."

निंबोळी कमी करून पाहिली तर पेटीतल्या कुंडीला लगेच दाढी. हळद कमी केली तर तेच. सर तिकिटांवर तिकिटं लिहीत होते, मी चिकटवत होते, आणि दसरा आला. सहाव्या आणि शेवटच्या चार कुंड्या काढल्या. त्यांत पाणी भरून ठेवलं असतं तर संध्याकाळपर्यंत टिकलं असतं.

त्या दिवशी घरी येऊन मी मागच्या पायरीवर घोसाळी निवडत बसले. निवडत म्हणजे नुसती हातात धरून. सासूबाई समोर खुरपत होत्या.

"आज बी न्हाई कुजली?"

"नाही."

"माजी तर कवाच गेली."

"काय गेली?"

"कुंडी. ह्या वेलाखालची. परवा खुरपलं तवा बगितलं, मुळ्या मोकळ्या पसरल्यात. कुंडी कुठाय तिथं?"

इथे थोडं मागे जावं लागेल. कडा उडालेल्या, साच्यातून नीट न निघालेल्या कुंड्या मी घरी आणायची. टाकवत नसत. सासूबाईंनी त्यांतल्या तेविसाव्या मिश्रणाच्या दोनांत घोसाळ्याचं बी टोचलं होतं, खिडकीत रोपं वाढवली होती आणि मग कुंड्यांसकट मोरीच्या पाण्याच्या वाटेवर लावून टाकली होती. म्हणजे ज्यासाठी सरकारनं आम्हाला प्रकल्प दिला होता, ते तंतोतंत करणारी आख्ख्या तालुक्यात ती एकच बाई होती. मी ते रोज पाहत होते. त्या वेलाची भाजी, भजी, चटणी खात होते. पण ते नोंदवहीत नव्हतं, त्यामुळे ते होतंय हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी उलथणं घेऊन धावले.

"वेलाला हात लावायचा न्हाई!" सासूबाईंनी खुरपं आडवं धरलं. "भर फळात हाय."

दुसऱ्या दिवशी मी सरांनाच घेऊन आले. सर वेलासमोर पायताण काढून उभे राहिले, देवळात राहावं तसे. सासूबाईंना ते आवडलं असावं. तरी त्यांनी व्यवहार सोडला नाही.

"दोन वेल हायेत. ह्यो अलीकडला तुमचा. पलीकडल्याला नुसती नजर बी लावायची न्हाई. सूनबाई, तू साक्षीला."

मी साक्षीला राहिले. सरांनी अलीकडचा वेल कापला आणि बुंध्याभोवती वीतभर खोल उकरलं. कुंडी नव्हती. तिच्या जागी मातीत पिवळसर गोल कडं आणि त्यात चिपाडाचे चार-सहा धागे, तेही बोटात धरले की पीठ होणारे. सरांनी मूठभर माती नाकाशी नेली, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

"मी माती हुंगत बसले असते तर लोकांनी येडी म्हनून बांदून घातलं असतं," सासूबाई मला म्हणाल्या, पण सरांना ऐकू जाईल अशा बेतानं. "साहेबानं हुंगली की त्याला शोध म्हनत्यात."

आता प्रश्न हा की आमच्या अंगणात विरणारी कुंडी कॉलेजच्या वाफ्यात का विरत नाही. मी कागदावर फरक लिहून काढले. माती, पाणी, वेलाची मुळं, मोरीचं सांडपाणी. सर सांडपाण्यावर अडकले, कारण सासूबाई भांडी राखेनं घासायच्या. "राख!" ते खुर्चीतून उठलेच. "बाई, राखेतली अल्कली!" दोन दिवस विभागातल्या सगळ्या बादल्यांत राख भिजत होती आणि सरांच्या सफारीचा रंग कधी नव्हे तो बदलला.

सोमवारी सकाळी मी राखेचं पाणी घेऊन रोपवाटिकेत लवकर पोचले. अकराव्या वाफ्यात आणखी काही कुंड्या नव्यानं पुरल्या होत्या, त्यांवर ते घालायचं होतं. मामा माझ्या आधीच तिथे होते. हातात झारी आणि झारीतून निळसर पाणी.

"मामा, हे काय?"

"मोरचूद-चुना. सोमवार हाय न्हवं आज."

"अकराव्याला पण?"

"सगळ्याच वाफ्यांना. तुमीच तर लिव्हलंय."

त्यांनी झारीच्या तोटीनं पत्र्याच्या फलकाकडे दाखवलं. जून महिन्यात मीच रंगवलेला फलक होता तो. आठवड्याचे वार, त्यांपुढे कामं, ठळक अक्षरात. सोमवार, रोपं कोलमडू नयेत म्हणून मोरचूद-चुन्याचं पाणी, सर्व वाफे.

"किती घालता?"

"बाकीच्यांना एक एक झारी. ह्याला दोन."

"ह्याला दोन का?"

"सरांचा खास वाफा. आपल्याकडनं काई कमी पडाया नको."

मी राखेची बादली खाली ठेवली आणि तिच्याशेजारी बसले. मोरचूद-चुना रोपवाटिकेत देतात तो बुरशी मारायलाच. आम्ही आषाढापासून जमिनीतल्या बुरशीला जेवायला बोलावत होतो आणि दर सोमवारी मामा तिच्या ताटात विष वाढत होते. सरांचा मान म्हणून दुप्पट.

"म्याडम, चुकलं का काय माज्याकडनं?"

"तुमचं नाही चुकलं, मामा. तुम्ही वाचलंत तसंच केलंत."

"वाचाया न्हाई येत मला," मामा म्हणाले. "पयल्या दिशी तुमीच वाचून दाखवलं हुतं. तीन येळा."

सरांना सांगायला गेले तेव्हा ते बादली ढवळत होते. सगळं ऐकून घेतलं, हात पुसले, चहा मागवला. अर्धा चहा झाल्यावर म्हणाले, "म्हणजे इतक्या दिवसांत माझ्या हाताखाली एकच माणूस निघाला जो सांगितलेलं तंतोतंत करतो. आणि तोच आपल्याला भोवला."

"सांगणारी मी होते, सर."

"तेही आहेच." मग कप खाली ठेवून, "समितीला हे सगळं सांगायलाच हवं का? वाफ्यात अपेक्षित कुजणं झालं नाही, एवढं म्हटलं तरी—"

"नोंदवहीत लिहिलंय मी."

"पेन्सिलीनं?"

"लाल शाईनं."

सरांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

समितीला यायला दोन आठवडे उरले होते. दोन आठवड्यांत नवी कुंडी पुरून विरून दाखवणं शक्य नव्हतं. अलीकडचा वेल आम्ही उत्साहाच्या भरात कोणाही तिऱ्हाइताच्या साक्षीशिवाय उकरून बसलो होतो. राहिला होता पलीकडचा. त्याचं मी कोणाला बोलले नाही. सासूबाईंना शब्द दिला होता, आणि ज्या शेवगावला जायची त्यांना आस होती ते टळावं म्हणून त्यांचाच वेल मागायचा, हे माझ्यानं होणार नव्हतं. मी शेवगावच्या शाळेला लागणारे दाखले एका पाकिटात घालून ठेवले.

समिती जीपमधून आली. तिघे जण. अध्यक्ष वयस्कर, जाड भिंगांचे, आवाज इतका हळू की सगळ्यांना पुढे वाकावं लागायचं. त्यांनी पेटी पाहिली, भाकरीवरची बुरशी कौतुकानं पाहिली, तेविसाव्या कुंडीवर बोट फिरवलं. मग नोंदवही उघडली आणि लाल शाईशी थांबले.

"हा फलक कोणी लिहिला?"

"मी," मी म्हणाले.

"अक्षर छान आहे." कोणी हसलं नाही. "म्हणजे बुरशीची परीक्षा पास. मातीची झालीच नाही. मग आम्ही कशाच्या आधारावर वर्ष वाढवायचं?"

सर म्हणाले, "एका परसात झालीय, साहेब. कुंडी विरलेली मी स्वतः पाहिली."

"पुरल्याची तारीख?"

"नोंद नाही."

"पुरावा?"

सर माझ्याकडे पाहायला लागले. मी खाली पाहायला लागले. तेव्हा सरांनीच सांगून टाकलं, "अजून एक वेल आहे. पण तो ह्यांच्या सासूबाईंचा आहे."

"चला," अध्यक्ष म्हणाले, आणि जीप देवळालीच्या रस्त्याला लागली.

मागच्या अंगणात सरांबरोबर तीन सुटाबुटातली माणसं आलेली पाहून सासूबाईंनी पदर सारखा केला. अध्यक्षांनी नमस्कार करून कामाचं सांगितलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"ह्यात कुंडी घावली तर काय?"

"तर प्रकल्प बंद."

"मग शेवगाव?"

"हो."

"आन न्हाई घावली तर?"

"तर मी इथेच, अजून एक वर्ष."

"आन मी उकरूच दिलं न्हाई तर?"

"तरी शेवगाव, आत्या."

त्या पलीकडच्या वेलापाशी गेल्या. हाताला लागतील ती घोसाळी तोडून पदरात घेतली, वरची दोन काठीनं पाडली. कोवळी होती तीही घेतली. फुलांपाशी हात जरा रेंगाळला. मग कमरेचा विळा काढून बुंधा एका झटक्यात कापला.

"उकरा. पन हळू. खाली माज्या आळवाची मुळं हायेत."

अध्यक्ष स्वतः उकिडवे बसले. आधी खुरप्यानं, मग बोटांनी. पिवळसर माती लागली, दोन धागे लागले, बाकी नुसती मुळं. त्यांनी धागे बोटात चुरडून पाहिले. सरांना माती हुंगायची फार इच्छा होत होती, ते मला दिसत होतं.

"आजी, ही कधी लावली होती?"

"नागपंचमीच्या आदल्या दिशी."

"नक्की? वहीत तर नाही."

"वही कशाला लागती? पंचमीला जमीन उकरत न्हाईत, कापत न्हाईत, चिरत न्हाईत. रोपं तर खिडकीत माजली हुती. म्हनून आदल्या दिशी दिवस मावळायच्या आत उरकून घेतलं. घाईत माजी बांगडी फुटली. ही बगा, ह्या हातात एक कमी हाय."

अध्यक्षांनी हात पाहिला. खिशातून पंचांगाची छोटी डायरी काढली, नागपंचमी शोधली, आदल्या दिवसाची तारीख लिहून घेतली आणि आठवडे मोजले. तीन महिने भरत नव्हते, म्हणजे कुंडी मुदतीच्या आतच विरली होती.

"पाणी कुठलं?"

"भांड्याचं."

"काही औषध मारलं होतं?"

"औषध मानसाला मिळंना, वेलाला कुठलं मारू?"

समितीनं पायरीवर बसून आपसात बोलणी केली. तेवढ्यात सासूबाईंनी चूल पेटवून त्याच घोसाळ्यांची भजी काढली. पहिल्या घाण्याला अध्यक्ष म्हणाले की मातीची परीक्षा नव्यानं करावी लागेल. दुसऱ्या घाण्याला म्हणाले की ती वेगवेगळ्या मातीत करावी, कालव्याच्या आणि कोरडवाहू. तिसऱ्या घाण्याला तिसरं वर्ष मंजूर झालं. भज्यांचा आणि मंजुरीचा संबंध नव्हता असं सर अजूनही म्हणतात.

"कोरडवाहू जागा कुठे मिळेल तुम्हाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"शेवगावला," मी म्हणाले. "तिथे माझी माणसं आहेत."

जीप गेल्यावर मी कापलेला वेल मांडवावरून ओढून काढत होते. सासूबाई कढई घासत होत्या.

"आत्या, तुम्ही नाही म्हणू शकला असता."

"शकले असते की. मग गेली असतीस गुमान?"

"गेले असते."

"तोंड पाडून?"

"असेल."

"मग नगं. माज्या पोराला खानावळीची आमटी परवडंल. पडलेलं तोंड न्हाई परवडत." त्यांनी कढई पालथी घातली. "तूच जाशील असं कुनी लिव्हून ठिवलंय का? मीच जाते तिकडं."

मी वेल सोडून उभी राहिले. हा उपाय माझ्या कुठल्याच कागदावर नव्हता. अठरा वर्षं ज्या अंगणातून त्या एका लग्नालासुद्धा दोन दिवसांवर गेल्या नव्हत्या, ते अंगण सोडून एकटीनं जायचं त्या कढई घासता घासता ठरवून मोकळ्या झाल्या होत्या. मी काही तरी बोलायला गेले. त्यांनी मला पाणी ओतायला लावलं.

दिवाळी झाली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्या शेवगावच्या गाडीत बसल्या. पत्र्याच्या ट्रंकेत खाली लुगडी, मध्ये जात्यावरची डाळ, वर माझ्या बारा कुंड्या, प्रत्येक जुन्या कपड्यात गुंडाळलेली. कशा पुरायच्या, किती अंतरावर, त्यावर काय घालायचं नाही, हे मी त्यांना सांगायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई, तवा एकदाच सांग. तीनदा सांगितलं की माणूस दोन झाऱ्या घालतंय." कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला होता तो त्यांनी हलवला नाही, नुसता ठेवला. मीही स्टँडवर तशीच उभी राहिले.

आठ दिवसांनी पहिलं आंतरदेशीय आलं. अक्षर यजमानांचं, बोलणं सासूबाईंचं, आणि लिहिणाऱ्यानं आपल्या पदरचं काही घुसवू नये अशी ताकीद बहुधा शेजारी बसून दिलेली.

"चि. सूनबाईस आशीर्वाद. बाराही कुंड्या पुरल्या. माती दगडावानी हाय, पहार लागली. शेजारीण विचारती काय पुरलं, मी म्हनलं सुनेचं धन, तवापासून ती दिवसभर कुंपणावरनं नजर ठेवती, राखण फुकट झाली. पोरगा दोन्ही टाइम जेवतो. मला करमत न्हाई असं ह्यानं लिहिलं तर ते खोटं हाय. तू काय खातीस ते कळव. खरं लिव्ह."

मी त्याच दिवशी उत्तर टाकलं. सकाळी भाजी-भाकरी, संध्याकाळी वरण-भात, ताक रोज, असं सविस्तर लिहिलं. लिहिलं ते कॉलेजच्या कँटीनच्या बाकावर बसून, एका हातानं वडापाव खात.